एकट्याची दया, दोघांची भीती : ‘फ्रँकेन्स्टाईन’ आणि डहाणू-तलासरीचे १९४५

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघातिघांनी विचारलं, की डहाणू रोडला बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भयकादंबरीवर बोलायचं कारण काय? प्रश्न रास्त आहे. भयकथा आपल्याला नवी नाही, नारायण धारपांनी ती घराघरांत पोचवली. पण आज आपण भीतीबद्दल कमी आणि दयेबद्दल जास्त बोलणार आहोत. एखाद्याची दया येते म्हणजे नेमकं काय होतं, ती कुठपर्यंत टिकते आणि कोणत्या क्षणी तिची भीती होते, हा आजचा प्रश्न. तो एका कादंबरीने १८१८ मध्ये मांडला. पुढे १९४५ मध्ये तोच प्रश्न इथून थोड्या अंतरावर, तलासरीच्या पाड्यांवर, खऱ्या माणसांच्या आयुष्यात उभा राहिला. आधी कादंबरी पाहू आणि मग घरी येऊ.

१८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही, असं म्हणतात. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याच्या धुळीने जगभरचं हवामान बिघडलं होतं. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने अडकून पडलेल्या काही लेखक मित्रांनी ठरवलं, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यांच्यातली मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच तिची आई, स्त्रीहक्कांची मोठी विचारवंत मेरी वुलस्टनक्राफ्ट, वारली होती. या मुलीने लिहिलेली कादंबरी जानेवारी १८१८ मध्ये छापली गेली, तीसुद्धा लेखिकेच्या नावाशिवाय. तीच ‘फ्रँकेन्स्टाईन’.

गोष्टीचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक असतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन नावाचा तरुण मृत शरीरांचे अवयव जोडून एक जीव घडवतो, आणि तो डोळे उघडतो त्याच क्षणी घाबरून पळून जातो. इथे एक गंमत बघा. फ्रँकेन्स्टाईन हे घडवणाऱ्याचं नाव. ज्याला घडवलं त्याला नाव दिलेलंच नाही. लोक मात्र आजही त्या जिवालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणतात, म्हणजे त्याला ओळख मिळाली तीही मालकाच्या नावाने. वेठबिगारीच्या इतिहासात ‘अमक्याचा गडी’ एवढीच ज्यांची ओळख होती, त्यांची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही.

या कादंबरीत एकटा कोण नाही? उत्तर ध्रुवाकडे जहाज घेऊन निघालेला वॉल्टन बहिणीला पत्र लिहितो, की मन समजून घेणारा एक मित्र हवा होता. व्हिक्टर प्रयोगाच्या नादात घरच्या पत्रांना उत्तरंही देत नाही आणि पुढे आपलं गुपित उराशी धरून माणसांत राहूनही एकटा होतो. पण या दोघांच्या एकटेपणाला परत फिरायची वाट आहे. जहाज वळवता येतं, घरी पत्र धाडता येतं. त्या घडवलेल्या जिवाला ती सोय नाही. त्याचा एकटेपणा दुसऱ्यांनी त्याच्यावर लादलेला आहे.

तो जीव जंगलात एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. फटीतून त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. आधी तो त्यांचं अन्न चोरत असतो, पण हे लोक स्वतःच अर्धपोटी आहेत हे कळल्यावर चोरी थांबवतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण तोडून आणून ठेवतो. घरच्यांना नवल वाटतं, की हे कोण करतं? त्या घरात इतिहासाचं एक पुस्तक मोठ्याने वाचलं जातं, फ्रेंच लेखक व्होल्नीचं, साम्राज्यं कशी कोसळली याबद्दलचं. त्यात अमेरिका खंडाच्या मूळ रहिवाशांचं काय झालं हा भाग येतो तेव्हा फटीपलीकडे बसलेला तो जीव रडतो. मंडळी, हे आपण नीट लक्षात ठेवू. जगाने ज्याला राक्षस ठरवलं, तो आदिवासींच्या नशिबासाठी रडतो.

मग एक दिवस धीर करून तो त्या घरातल्या अंध म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा शांतपणे ऐकतो, कारण त्याला समोरचा चेहरा दिसत नाही. तेवढ्यात मुलगा येतो, चेहरा पाहतो आणि काठीने झोडपून काढतो. पुढे तो जीव नदीत बुडणाऱ्या मुलीला बाहेर काढतो, तर तिच्यासोबतचा माणूस त्याच्यावरच गोळी झाडतो. वाचवायला गेला आणि गोळी खाल्ली. हा प्रसंगही आपल्याला पुन्हा लागणार आहे.

शेवटी तो व्हिक्टरला गाठतो आणि आपली कहाणी सांगतो. मागणी एकच, माझ्यासारखी एक सोबतीण घडवून दे, आम्ही दोघं माणसांपासून लांब निघून जाऊ. ऐकताना व्हिक्टरला दया येते, तो कबूलही होतो. पण दुसरी आकृती घडवता घडवता त्याच्या मनात येतं, की उद्या यांची प्रजा वाढली तर? आणि अर्धवट घडलेली ती आकृती तो फाडून टाकतो. आमच्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. तो एकटा होता तोवर त्याची दया करता येत होती. दोघे होणार म्हटल्यावर त्याच दयेची भीती झाली. सूड आणि खून याआधीही घडलेले आहेत, व्हिक्टरचा लहान भाऊ मारला गेला आहे. पण इथून पुढे परतीची वाट उरत नाही.

हा विचार पुस्तकात राहिला नाही. १८२३ मध्ये लंडनमध्ये या कादंबरीवर नाटक आलं, त्यात त्या जिवाला एकही वाक्य दिलेलं नव्हतं. कादंबरीत पानंच्या पानं बोलणारा तो रंगभूमीवर मुका झाला, आणि १९३१ च्या प्रसिद्ध चित्रपटातही मुकाच राहिला. शब्द काढून घेतले की उरतं फक्त भयानक शरीर. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १८२४ रोजी, ब्रिटिश मंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी कॉमन्स सभागृहात गुलामांच्या मुक्ततेवर बोलताना नाव न घेता याच कादंबरीचा दाखला दिला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की शरीराने प्रौढ आणि बुद्धीने बालक असलेल्या माणसाला एकदम मोकळं सोडणं म्हणजे तसा जीव निर्माण करणं. एकटेपणाचं दुःख सांगणारं पुस्तक सहा वर्षांत ‘यांना सोडू नका’ या युक्तिवादासाठी वापरलं गेलं. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी संपवणारा कायदा त्यानंतर, १८३३ मध्ये झाला.

आता आपण घरी येऊ.

‘यांना अजून समज नाही’ हा सूर आपल्याकडच्या कायद्यातही होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली काही आदिवासी मुलूख ‘अंशतः वगळलेले’ ठरवले गेले. ठाणे जिल्ह्यातला डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा त्या यादीत होते. आजची तलासरी तेव्हा उंबरगावात मोडत होती. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. वगळलेला मुलूख म्हणजे काय, तर विधिमंडळाचा कायदा तिथे आपोआप लागू होत नसे, गव्हर्नरने वेगळा हुकूम काढावा लागे. हेतू संरक्षणाचा होता, असं सांगितलं जाई. पण विचार करा, बाकीच्या प्रांतात जे चालू होतं त्यातून हा मुलूख कागदावरच बाजूला ठेवलेला होता.

त्याच सुमारास विद्वानांत वाद रंगला होता. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात आदिवासींना बाहेरच्या जगापासून राखून ठेवलेल्या प्रदेशाची कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून ती खोडून काढली. आदिवासी हे वेगळे कोणी नसून मागे राहिलेले हिंदूच आहेत, असं त्यांचं म्हणणं. अलग ठेवायचं की मिसळून घ्यायचं, यावर दोन्ही बाजूंनी अभ्यासपूर्ण लिहिलं गेलं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, ते मात्र या वादात बोलणारे म्हणून कुठेच नव्हते.

पाड्यावरची स्थिती काय होती? जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची आणि ती फेडता फेडता पुन्हा अडकायचं. जमीनदाराच्या शेतावर आणि जंगल ठेकेदाराकडे वेठ, म्हणजे बिनमजुरीचं काम. सरपण तोडणारे हात दिसत नव्हते, फक्त रचलेलं सरपण दिसत होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘लग्नगडी’. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि त्या कर्जापोटी आयुष्यभर सावकाराकडे राबायचं, बायकोनेही. जरा थांबून बघा. व्हिक्टरकडे त्या जिवाने सोबतीण मागितली आणि ती नाकारली गेली. इथे वारली तरुणाला सोबतीण मिळे, पण किंमत अशी, की दोघंही सावकाराची होत. घर करायची इच्छा हीच बेडी झाली होती.

हे कोणाला माहीत नव्हतं, असं नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, आणि त्या काळात सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून अहवाल दिला. वेठ आणि पिळवणूक त्यात नोंदलेली आहे. खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. त्यांची कळकळ खरी होती, यात शंका नाही. म्हणजे सहानुभूती होती, अहवाल होता आणि संस्थाही होती. तरीही १९४५ उजाडलं तेव्हा लग्नगडी राबतच होते. असं का, हा प्रश्न आपण टाळून चालणार नाही.

आमचं उत्तर असं. ‘सहानुभूती’ हा शब्द फोडला तर सह आणि अनुभूती, म्हणजे सोबतीने अनुभवणं. व्यवहारात आपण त्याचा अर्थ दुरून हळहळणं एवढाच ठेवला आहे. दुरून हळहळणाऱ्याला समोरचा एकटा आणि गप्प असलेलाच बरा वाटतो. एकटेपणा तुटतो तो आपल्यासारखा दुसरा भेटल्यावर. वारल्यांना तो दुसरा जानेवारी १९४५ मध्ये भेटला, टिटवाळ्याला.

टिटवाळ्याला महाराष्ट्र राज्य किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. गोदावरी आणि शामराव पारुळेकर त्याच्या कामात होते. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, वकिलाच्या घरातल्या. स्वतः कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. उंबरगाव भागातून मोजके वारली त्या अधिवेशनाला गेले. तिथे त्यांनी काय पाहिलं असेल? दुसऱ्या तालुक्यांतले शेतकरी, त्यांच्याही कर्जाच्या आणि जमिनीच्या कहाण्या, आणि मुख्य म्हणजे ते सभेत उभे राहून बोलतात. आपलं दुःख आपल्या एकट्याच्या कपाळी लिहिलेलं नाही, हे कळणं ही छोटी गोष्ट नव्हे.

त्यानंतर गोदावरीबाई या मुलखात आल्या. बाहेरून येणारा म्हणजे सावकाराचा, जंगलखात्याचा नाहीतर पोलिसांचा माणूस, हा इथला पिढ्यांचा अनुभव. त्यामुळे बाईंना आधी भाषण देता आलं नाही. त्या पाड्यांवर राहिल्या, जे शिजेल ते खाल्लं आणि ऐकलं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली, काही हजार माणसं जमली. ठरलं काय, तर वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय काम नाही, एकी सोडायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत वारल्यांचे जथे गावोगाव गेले आणि त्यांनी सावकारांच्या दारातले लग्नगडी मोकळे केले. अहवालाला जमलं नाही ते जमावाने केलं. मागणी केवढी होती, तेही पाहा. राज्य नको होतं, कोणाचा वाडा नको होता. केलेल्या कामाचे पैसे हवे होते आणि आपल्या घरात नांदायचं होतं.

पण आता ते एकटे नव्हते, आणि इथूनच भीती सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाडा इथे हजारो वारली जमले. पारुळेकरांनी लिहून ठेवलं आहे, की बाईंच्या जिवाला धोका आहे, त्यांना वाचवायला या, अशी अफवा मुद्दाम पसरवली गेली होती, आणि तिकडे पोलिसांना मात्र जमाव हल्ल्यासाठी जमतोय असं सांगितलं गेलं. बाई तिथे नव्हत्याच. जमावावर गोळीबार झाला. पाच जण मारले गेले. त्यांतलं जेठ्या गांगड हे नाव आजही इथे दरवर्षी १० ऑक्टोबरला घेतलं जातं. कादंबरीतला नदीकाठचा प्रसंग आठवतोय ना? वाचवायला आले आणि गोळी खाल्ली. ज्यांनी झाडली त्यांना समोर फक्त काठ्या-कोयत्यांचा जमाव दिसत होता. ती माणसं का आली आहेत, हे कोणी विचारलं नाही.

१९४६ मध्ये खेरांचं मंत्रिमंडळ पुन्हा आलं. संप चालूच होते. त्या वर्षाच्या अखेरीस पारुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं, आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक प्रांताचे पंतप्रधान असताना हे घडलं. त्यांना ढोंगी ठरवण्यासाठी आपण हे सांगत नाही, तसं म्हणणं सोपं आणि अन्यायाचं होईल. मुद्दा असा, की प्रामाणिक दयाळू माणसालासुद्धा, ज्याची दया केली तोच दहा हजारांच्या घोळक्यात उभा राहून मागू लागला की ओळखू येत नाही. व्हिक्टरही दुष्ट नव्हता.

याच १९४५ सालच्या आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षी के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा अभ्यासग्रंथ आला. माहितीने भरलेला, पण बाहेरून पाहणारा. आणि त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, जे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. राजकारण वेगळं, मार्ग वेगळा, पण दोघींना एक गोष्ट कळली होती, की जवळ जायचं ते आपण जायचं. सगळी सहानुभूती दुरूनची नसते, हे या भूमीनेच दाखवलं आहे.

आता थोडं स्वतःकडे बघू. हे सगळं आपल्याला कशावरून कळतं? मोठ्या प्रमाणात गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकावरून. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीतलं मोलाचं पुस्तक आहे. पण ‘फ्रँकेन्स्टाईन’ची रचना आठवा. त्या जिवाचं बोलणं व्हिक्टर सांगतो, व्हिक्टरचं बोलणं वॉल्टन पत्रात लिहितो, आणि ते पत्र आपण वाचतो. तीन घरं ओलांडून तो आवाज येतो. वारल्यांचा आवाजही असाच पुण्यात शिकलेल्या एका बाईंच्या मराठीतून आपल्यापर्यंत येतो. जेठ्या गांगड यांनी लिहिलेलं एक अक्षर आपल्याकडे नाही. आणि ‘माणूस जागा होतो’ असं म्हणताना, तो आधी झोपलेला होता की त्याला कोणी ऐकत नव्हतं, हेही विचारायला हवं. बाईंच्या पुस्तकाबद्दलचा आदर ठेवून आपण ते विचारू शकतो.

थेट आवाज कुठे मिळतो? एक जागा आपल्या डोळ्यांसमोर आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बराच काळ बोलेनासा झाला होता, मातीत बोटाने चित्रं काढून तो सांगायचं ते सांगे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींच्या नजरेला त्यांची चित्रं पडली आणि लग्नघराच्या भिंतीवर बायका रेखाटत आलेली कला त्यांच्या हातून कागदावर उतरून जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रातला तारपा नाच तुम्ही शंभरदा पाहिला असेल, साडीवर, कपावर, सरकारी भिंतींवर. मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती हात गुंफलेल्या माणसांची गुंडाळी. पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. त्या फेऱ्यात एकटं कोणी सापडतं का, ते शोधा.

आजही पाड्यांवरून माणसं वीटभट्टीला, मच्छीमारी बोटींवर, बांधकामांवर कामाला जातात. पहाटेच्या गाडीला डहाणू रोड स्टेशनवर ती आपल्या शेजारी उभी असतात. त्यांच्याबद्दल हळहळ आपल्यातल्या बहुतेकांना वाटते, ती खोटी नाही. पण हेच लोक मजुरीसाठी, जंगलहक्कासाठी मोर्चा घेऊन रस्त्यावर येतात आणि आपली गाडी अडते, तेव्हा आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? त्या क्षणी आपण म्हाताऱ्यासारखे ऐकतो, की मुलासारखी काठी उचलतो? आज घरी जाताना एवढं स्वतःला विचारू.

आता प्रश्नोत्तरांना सुरुवात करू. इथल्या कोणाच्या घरात १९४५ च्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसं असतील, तर आधी त्यांनी बोलावं, आम्ही ऐकतो.